धर्मांधतेवर मीमचा उतारा: पहिल्यांदाच करून पाहणाऱ्यांसाठी

धर्माच्या नावाने आग लावणाऱ्याला शिव्या घातल्या तर त्याचं काही बिघडत नाही. उलट त्या शिवीचा तो स्क्रीनशॉट काढतो आणि 'बघा, यांच्या मनात आपल्याबद्दल केवढं विष आहे' म्हणून आपल्याच ग्रुपवर फिरवतो. मुद्देसूद खंडन करणारी लांबलचक पोस्ट लिहिली तर ती कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. पण त्याच्या भारदस्त घोषणेवर चार लोक खुदकन हसले की त्याची पंचाईत होते. कारण हा सगळा कारभार रुबाबावर चालतो: करडी नजर, गंभीर संगीत, मंद गतीतला झेंडा. लोक हसले की तो रुबाब उतरायला लागतो.

मीम्सचा उपयोग इथे होतो. फक्त धर्म हा विषय असा आहे की नेम जरा हुकला तर ज्याला टोमणा मारायचा तो राहतो बाजूला आणि भलत्यालाच लागतो. म्हणून टेम्प्लेट, म्हणजे मीमचा तयार साचा, शोधायच्या आधी थोडी तयारी करावी लागते, आणि खरं सांगायचं तर या कामातला मोठा वाटा त्या तयारीचाच आहे.

कुणासाठी बनवताय?

कडव्या माणसाला मीम दाखवून सुधारता येईल असं वाटत असेल तर ती आशा सोडून द्या. तो तुमचा प्रेक्षक नाही. तुमचे प्रेक्षक दोन प्रकारचे. एक काठावरचा: त्याने दोन-चार जहाल व्हिडिओ पाहिलेत, त्यातलं थोडं पटलंय, पण अजून तो पुरता वाहवत गेलेला नाही. दुसरा मूक बघ्या: त्याला हा प्रकार आवडत नाही, पण आपण एकटेच आहोत असं वाटून तो गप्प बसतो. या दुसऱ्याला हसायला मिळालं की तो शेअर करतो, आणि मग त्याच्यासारखे आणखी किती आहेत ते सगळ्यांनाच दिसतं.

दोघांसाठी एकच मीम सहसा चालत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसवर हल्ले झाले. त्यानंतर फोरचॅन या निनावी चर्चामंचावरच्या मंडळींनी आयसिस या दहशतवादी संघटनेच्या अतिरेक्यांच्या फोटोंत तोंडांच्या जागी रबरी बदकं आणि बंदुकांच्या जागी संडास घासायचे ब्रश बसवले. भेदरलेल्या लोकांना त्याने धीर आला, आणि तेवढंही पुष्कळच होतं. पण आयसिसकडे झुकलेल्या पोराला त्या बदकाने काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. याउलट अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये मोहम्मद अमीन अहमद या सोमाली वंशाच्या गृहस्थांनी 'ॲव्हरेज मोहम्मद' नावाची छोटी कार्टून्स काढली. ती थेट आपल्या समाजातल्या मुलांसाठी होती. त्यातल्या एकात आयसिसमध्ये भरती झाल्यावर नेमकं काम काय करावं लागतं, हे नोकरीच्या जाहिरातीसारखं विचारलंय. हा काठावरच्यासाठी केलेला विनोद.

तेव्हा कागदावर एक ओळ लिहा: 'हे अमुक माणसासाठी आहे, आणि बघून त्याला अमुक वाटावं.' ही ओळ लिहिता येत नसेल तर बनवायला बसू नका.

नेम कशावर धरायचा?

श्रद्धेवर कधीच नाही. देव, प्रेषित, ग्रंथ, प्रार्थना, पोशाख, उपास यांना हात लावायचा नाही. यामागे भीती आहेच, पण त्याहून मोठं कारण व्यवहाराचं आहे: कट्टरपंथी सतत हेच सांगत असतो की 'मी म्हणजेच धर्म.' तुम्ही धर्माची टिंगल केलीत की त्याचं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत. तुम्हाला दाखवायचंय ते नेमकं उलट, की हा माणूस वेगळा आणि धर्म वेगळा.

ही रेघ किती बारीक असते याचं वाईट उदाहरण जॉर्डनमधलं आहे. तिथले लेखक नाहेद हत्तर यांनी २०१६ च्या ऑगस्टमध्ये फेसबुकवर एक व्यंगचित्र शेअर केलं. आयसिसवाल्यांच्या डोक्यातला देव कसा असेल, स्वर्गात बसून ते त्याच्याकडूनही कशी सेवा करून घेतील, असं ते चित्र होतं. रोख दहशतवाद्यांवरच होता. पण चित्रात देव होता. हत्तर यांना अटक झाली, खटला उभा राहिला, आणि २५ सप्टेंबरला अम्मानमध्ये न्यायालयाच्या दारातच त्यांचा गोळ्या घालून खून झाला. खुनाचं समर्थन कशानेच होत नाही. पण मीम बनवणाऱ्याने यातून एवढं जरूर घ्यावं: 'त्यांच्या कल्पनेतला देव' हे शब्द चित्रात दिसत नाहीत, लोकांना तिथे नुसता देव दिसतो.

मग उरतं काय? भरपूर उरतं.

सगळ्यात रसाळ जागा म्हणजे विसंगती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हा प्रकार कट्टरपंथात पदोपदी सापडतो. जगाला साधेपणा शिकवणारा स्वतः काय वापरतो, दुसऱ्यांच्या मुलांना हौतात्म्याला पाठवणाऱ्याची स्वतःची मुलं कुठे शिकतात, इथे विनोद शोधावा लागत नाही, तो समोरच पडलेला असतो.

दुसरी जागा म्हणजे रटाळ वास्तव. भरतीच्या व्हिडिओत घोडे, तलवारी आणि सूर्यास्त असतो. २०१४ च्या अखेरीस सीरियात गेलेल्या काही फ्रेंच तरुणांची घरी पाठवलेली पत्रं फ्रान्समधल्या एका वर्तमानपत्राने छापली. एकाची तक्रार होती की मला भांडीच घासायला लावतात, दुसऱ्याची की आयपॉड बंद पडलाय आणि मला परत यायचंय. शंभर भाषणांनी जेवढं होणार नाही तेवढं काम ती घासायची भांडी करतात. वीर व्हायला निघालेल्याला नरक दाखवून उपयोग नसतो, त्याचं त्याला आकर्षणच असतं. कंटाळा दाखवा.

तिसरी जागा पुढाऱ्याचा बडेजाव. डिसेंबर २०१५ मध्ये आयसिसचा म्होरक्या अबू बक्र अल बगदादी याने जगभरच्या मुसलमानांना लढायला या अशी हाक देणारी ध्वनिफीत काढली. इयाद अल बगदादी या कार्यकर्त्याने (आडनाव तेच, माणूस बरोब्बर उलट) त्यातला मजकूर इंग्रजीत ट्विटरवर टाकला, आणि मुसलमान तरुण-तरुणींनी उत्तरांची झोड उठवली: आज नाही जमणार, सिनेमा बघायचाय; घरी विचारावं लागेल; मालिकेचे भाग राहिलेत. कुणी धर्मावर एक शब्द काढला नाही. ज्या लोकांच्या नावाने हाक दिली होती त्याच लोकांनी जांभई दिली.

या शेवटच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे बोलणारा कोण. घरातल्याने केलेली चेष्टा आणि शेजाऱ्याने केलेली चेष्टा यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून स्वतःच्या धर्मातल्या कडवेपणापासून सुरुवात करावी असं मी नव्यांना नेहमी सांगतो. तिथले बारकावे तुम्हाला ठाऊक असतात, आणि 'आधी स्वतःच्या घरात बघ' हे कुणी ऐकवू शकत नाही. दुसऱ्या धर्माबद्दल करायचंच असेल तर त्या धर्मातला एखादा मित्र सोबत हवा, नाहीतर साप म्हणून भुई धोपटली जाते.

सरकारी शिक्का असेल तर आणखीच कठीण. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २०१४ मध्ये उपरोधाने 'आयसिसच्या देशात स्वागत आहे' अशा धर्तीचा व्हिडिओ काढला होता. त्यात आयसिसचीच क्रूर दृश्यं वापरली होती. टीका झाली ती दोन्ही बाजूंनी: एक तर ज्यांच्याशी बोलायचं त्यांचा बोलणाऱ्यावर काडीचा विश्वास नाही, आणि वर आयसिसच्याच दहशतीचा प्रसार फुकट केला.

आणि एक द्वेष खोडताना दुसरा आणू नका. इराकच्या सरकारी वाहिनीने २०१४ मध्ये आयसिसची खिल्ली उडवणारी मालिका केली, धाडसाचंच काम होतं. पण तिच्या जाहिरातीत सैतान आणि एक ज्यू स्त्री यांच्या लग्नातून बगदादी जन्माला येतो असं दाखवलं. म्हणजे आयसिसला झोडपताना ज्यूंवर राळ उडवून मोकळे. तुमच्या मीममध्ये कुणाची जात, रंग, व्यंग, बोली किंवा बाईपण हाच विनोद असेल तर ते तिथेच फेकून द्या.

मालमसाला गोळा करताना

कट्टरपंथी चॅनेलांत शिरून 'संशोधन' करायची नव्याला काही गरज नाही. काही देशांत असं साहित्य नुसतं जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. शिवाय रोज रात्री ते बघत बसलं की डोकं खराब होतं ते वेगळंच. बातम्यांत आलेले दावे, जाहीर भाषणं आणि तुमच्यापर्यंत येऊन पोचलेले फॉरवर्ड एवढं पुरेसं असतं.

त्यांचे मूळ फोटो, झेंडे, व्हिडिओतल्या चौकटी उचलू नका. फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ट्विटर आणि यूट्यूब यांनी २०१७ मध्ये मिळून एक मंच उभा केला, त्यात दहशतवादी चित्रांचे डिजिटल ठसे कंपन्या एकमेकींना देतात. तुम्ही थट्टेसाठी वापरलेलं चित्र यंत्राला खऱ्या प्रचारासारखंच दिसू शकतं आणि तुमचंच खातं बंद होतं. दाद मागता येते, पण तोवर विषय शिळा झालेला असतो.

त्यापेक्षा स्वतःचं पात्र तयार करा. २०१५ मध्ये जपानी नेटकऱ्यांनी 'आयसिस-चान' नावाची कार्टून मुलगी काढली, हातात सुरी आणि खरबूज. कल्पना अशी की कुणी आयसिस शोधायला गेलं तर निकालात खरबूज कापणारी ही पोरगी यावी. चित्रकारांना आधीच सांगून ठेवलं होतं की इस्लामची टिंगल नको आणि रक्तपात नको. असं पात्र एकदा रुळलं की प्रत्येक मीममध्ये पहिल्यापासून सगळं समजवावं लागत नाही.

आता बनवायला बसा

समजा विषय आहे: आधुनिक जगातली प्रत्येक वस्तू पाप आहे असं व्हिडिओतून सांगणारा उपदेशक.

नवा माणूस पहिल्या फटक्यात हे लिहितो: 'जे लोक आधुनिक तंत्रज्ञानाला विरोध करतात तेच स्वतःच्या प्रचारासाठी मात्र तेच तंत्रज्ञान वापरतात, ही केवढी विसंगती!' म्हणणं बरोबर आहे, पण हा अग्रलेख झाला. विसंगती हा शब्द लिहिलात की ती शोधायची मजा तुम्ही वाचणाऱ्याकडून काढून घेतलीत.

दुसरा खर्डा. वर: 'आधुनिक तंत्रज्ञान म्हणजे सैतानाचं जाळं!' खाली: 'बेल दाबा, लाइक करा, शेअर करा.' आता जमतंय. दोन्ही वाक्यं त्याच्याच तोंडची आहेत, तुम्ही मध्ये कुठेच नाही.

तिसऱ्या खर्ड्यात फक्त छाटणी आणि क्रम. लाइक-शेअर सगळेच म्हणतात, त्यात हसू नाही. खरं हसू बेलमध्ये आहे, म्हणून ती एकटी ठेवायची आणि सर्वांत शेवटी आणायची: 'आधुनिक तंत्रज्ञान म्हणजे सैतानाचं जाळं!' आणि खाली, 'पुढच्या प्रवचनासाठी बेल दाबायला विसरू नका.' चित्रात खरा उपदेशक नको. रिंगलाइटच्या गोल प्रकाशात डोळे वटारून बसलेला एक काढलेला माणूस पुरे. त्याच्या डोक्यावर कोणत्याही धर्माची खूण नको, म्हणजे प्रत्येक धर्माच्या वाचकाला त्यात आपल्याकडचा कुणीतरी दिसेल.

तांत्रिक बाजू फार नाही. चौकोनी १०८० बाय १०८० पिक्सेल सगळीकडे चालतं. कॅनव्हा किंवा इमगफ्लिप या संकेतस्थळांवर काम होतं. देवनागरीत मात्र एक अडचण हमखास येते: इंग्रजी मीम्ससारखी पांढऱ्या अक्षरांना जाड काळी कडा दिली की जोडाक्षरं बुजून जातात, आणि ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. कडा देण्यापेक्षा अक्षरांमागे गडद पट्टी द्या, ओळींत अंतर सोडा. मुक्ता किंवा बलू हे फुकट मिळणारे फॉन्ट ठसठशीत आहेत. व्हॉट्सॲपवर चित्र दाबलं जाऊन धुरकट होतं, तेव्हा पाठवून बघा आणि फोन हातभर लांब धरून वाचता येतंय का ते पाहा. आणि जिथे सोय असेल तिथे चित्राचं वर्णन लिहा, दृष्टिहीन वाचकांनाही हसायचा हक्क आहे.

टाकण्यापूर्वी दोघांना दाखवा

एक त्या धर्माचा श्रद्धाळू माणूस, दुसरा ज्याला हा विषयच ठाऊक नाही असा. पहिल्याला विचारा, 'तुला लागलं का?' दुसऱ्याला विचारा, 'मी कुणाच्या बाजूने बोलतोय?'

हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. २००५ मध्ये एका ख्रिस्ती चर्चामंचावर उत्क्रांतीवरून वाद चालला होता, तिथे नेथन पो यांनी लिहिलं की डोळा मारणारं चिन्ह वगैरे नसेल तर टोकाच्या मताचं विडंबन कुणाला तरी खरंच वाटणार. इंटरनेटवर याला 'पोचा नियम' म्हणतात. कट्टर माणसाच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल केलीत तर तुमचं मीम त्याच्याच ग्रुपवर टाळ्या घेत फिरू शकतं. म्हणून कुठेतरी एक अशक्य गोष्ट घाला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्याबाहेर वेस्टबोरो बॅप्टिस्ट चर्च या कडव्या ख्रिस्ती पंथाचे लोक 'देव अमुकांचा द्वेष करतो' असे फलक घेऊन आले. समोर सुपरहिरोंच्या वेशातली मंडळी उभी राहिली, त्यांच्या फलकांवर ओडिन हाच खरा देव, देव जेडायांचा द्वेष करतो, असला मजकूर (ओडिन हा जुन्या नॉर्स पुराणातला देव, जेडाय हे 'स्टार वॉर्स' सिनेमातले योद्धे). त्यांना चर्चवाले समजण्याची चूक कुणी केली नसती.

वेळ

थोडक्यात सांगतो. हल्ला ताजा असेल, माणसं ओलीस असतील, नातेवाईक वाट पाहत असतील, तर थांबा. जानेवारी २०१५ मध्ये दोन जपानी ओलीस आणि शेजारी चाकू घेतलेला अतिरेकी असा खंडणीचा व्हिडिओ आला, तेव्हा जपानी ट्विटरवर त्याच चौकटीची भन्नाट विडंबनं सुरू झाली. आयसिसचा दरारा घालवला म्हणून कौतुक झालं, आणि ओलिसांच्याच चेहऱ्यांवर विनोद केले म्हणून संतापही उसळला. दोघांचाही पुढे खून झाला. पीडिताचा चेहरा मीममध्ये कधीच वापरायचा नाही, कितीही चांगला विनोद सुचला तरी.

एकट्याने की गटाने?

गटाने. पाच-सहा जणांत कामं वाटली की कुणी एकटा टोळधाडीच्या तोंडी सापडत नाही. शिवाय मीम एकट्याने फिरवण्यापेक्षा लोकांना भाग घेता येईल अशी साधी कृती दिली तर ते लांब जातं. म्यानमारमध्ये बौद्ध कडव्यांची मुसलमानविरोधी भाषा वाढली तेव्हा २०१४ मध्ये तिथल्या कार्यकर्त्यांनी 'पनझागार', म्हणजे फुलांची भाषा, ही मोहीम काढली. तोंडात फूल धरून फोटो काढायचा, एवढंच. पुढे त्याचे फेसबुक स्टिकर्स निघाले. आपल्याकडे २००९ मध्ये मंगळूरच्या पबमध्ये मुलींना मारहाण झाल्यावर श्रीराम सेनेच्या प्रमोद मुतालिकांना गुलाबी चड्ड्या पाठवायची मोहीम फेसबुकवरून निघाली, ती कुणालाही करता येण्यासारखी होती म्हणूनच पसरली. पण पुढे तोच फेसबुक ग्रुप हॅक झाला.

म्हणून खात्याची डागडुजी आधी करा. मीमसाठी वेगळा ईमेल, वेगळं खातं, दोन टप्प्यांचं लॉगिन. घराचे, मुलांचे, गाडीच्या नंबरचे फोटो जुन्या खात्यांवरून काढा किंवा खासगी करा. फाइलमध्ये जागेची आणि फोनची माहिती राहते, ती पुसूनच चित्र चढवा. टोपणनाव वापरण्यात भित्रेपणा काही नाही. सीरियातल्या कफ्रानबेल गावचे राएद फारेस हे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष असद आणि आयसिस या दोघांचीही टर उडवणारे फलक घेऊन उघड तोंडाने फोटो काढत, २०१८ मध्ये त्यांना गोळ्या घालून मारण्यात आलं. आपल्या भागातला धर्मभावना दुखावण्याबाबतचा कायदाही एकदा जाणत्या वकिलाकडून समजून घ्या, कारण तक्रार करणाऱ्याला विनोद कळलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही.

धमकी आली तर उत्तर देऊ नका. लिंक आणि तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा, गटातल्या दोघांना कळवा, मग ब्लॉक करा. उलट क्रमाने केलं तर पुरावा हातून जातो.

मीम टाकल्यानंतर

लाइक मोजत बसू नका. आपल्याच मंडळींनी दिलेले पाचशे लाइक आणि अनोळखी माणसाने विचारलेला एक प्रश्न, यात मला प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. कमेंटमध्ये शिवीगाळ करणाऱ्याला दुर्लक्षाने मारा. पण कुणी खरंच चिडून, खरंच दुखावून काही लिहिलं असेल तर तिथे विनोद थांबवा आणि साध्या भाषेत बोला. लागण्यासारखं असेल तर मीम काढून टाका, नुसतं पुसू नका, का काढलं तेही लिहा.

कधीतरी इनबॉक्समध्ये काठावरचाच कुणी येईल. सुरुवात बहुधा भांडणानेच होते. वेस्टबोरो चर्चच्या संस्थापकाची नात मेगन फेल्प्स-रोपर ट्विटरवर चर्चचा प्रचार करायची. डेव्हिड अबिटबोल या ज्यू ब्लॉगरशी तिचे तिथेच खटके उडाले. तो थट्टेच्या सुरात उत्तरं देत राहिला, हळूहळू दोघं नीट बोलायला लागले, आणि एकदा त्याने चर्चच्या शिकवणीतली अशी विसंगती दाखवली की तिच्याकडे उत्तर नव्हतं. २०१२ मध्ये तिने चर्च सोडलं. थट्टेने दार किलकिलं झालं होतं, पुढचं काम गप्पांनी केलं, आणि त्या गप्पा कित्येक महिने चालल्या.

तेव्हा अशा माणसाला लगेच मुद्द्यांचा भडिमार करू नका. त्याला काय वाटतं ते विचारा, उत्तराला दोन दिवस लागले तरी घाई करू नका. तो फार खोलात गेलाय असं वाटलं तर कट्टर गटांतून बाहेर पडायला मदत करणाऱ्या संस्थांशी किंवा समुपदेशकाशी त्याची गाठ घालून द्या, ते तुमचं काम नाही. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर पोलिसांना कळवा. आणि त्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, नाव झाकूनसुद्धा, पुढच्या मीमसाठी वापरू नका.